टाकीखालची खोली

टाकी घरी आली तो मंगळवार होता. मास्तर शाळेतून आले. त्यांच्या मागे बैलगाडी आली आणि गाडीत टाकी होती. गाडीवानानं विचारलं, "कुठं उतरवायची?" मास्तर म्हणाले, "माळ्यावर." गाडीवानानं टाकीकडं पाहिलं, घराकडं पाहिलं आणि बैल सोडले.

मास्तर म्हणजे माझे यजमान. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि लिहिताना मलाही दुसरा शब्द सापडत नाही. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. समाचाराला पुष्कळ माणसं आली. उभा जन्म त्यांनी मुलांना शास्त्र आणि गणित शिकवलं, तेव्हा निदान एखादा तरी त्याबद्दल बोलेल अशी माझी समजूत होती. पण माणसं बसायची, डोळे पुसायची आणि मग म्हणायची, "वहिनी, ती टाकी आठवते का हो?" कुणी म्हणालं, टाकी कोसळली आणि म्हातारी थोडक्यात वाचली. कुणी म्हणालं, पाण्यानं अर्धी भिंत वाहून गेली. टाकी कधीच कोसळली नाही आणि भिंतीला काही झालं नाही. निदान एवढं तरी नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. मला भरभर लिहिता येत नाही.

आमचं गाव पारनेरच्या बाजूला. सासऱ्यांनी मुलाच्या शाळेसाठी नगरात हे घर घेतलं. सासरे वारल्यावर सासूबाई गावाहून इथं राहायला आल्या, आणि त्यांच्यामागून सगळं गाव आलं. कोर्टात तारीख असलेला, दवाखान्यात कुणाला दाखवायला आलेला, बाजाराला आलेला, सोयरीक बघायला निघालेला, गावचा प्रत्येक माणूस आमच्याकडं उतरायचा. तो पाहुणा नव्हेच, घरचाच. धुळीतून आलेल्या माणसाला आधी कढत पाणी, मग चहा, मग त्याची हकिगत, असा आत्याबाईंचा नेम होता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेले असत, त्यामुळं कढत पाण्यावाचून माणसाचं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हे पाणी बंबात तापायचं आणि बंब माझ्याकडं होता. पहाटे उठून नळावर घागर धरायची, बंब भरायचा, नळीत गोवऱ्या घालून फुंकायचं, डोळे चोळत पाणी काढून द्यायचं आणि परत बंब भरायचा. नगरच्या नळाची धार त्या काळी करंगळीएवढी असे, तीही नळ आपल्या मर्जीनं येईल तेव्हा.

लग्नाआधी माझी मराठी सातवी झाली होती. मला वाचायला आवडे, हे मास्तरांना लग्नानंतर कळलं आणि त्यांना त्याचा एवढा आनंद झाला की मला मॅट्रिकला बसवायचं त्यांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं. आत्याबाईंनी विरोध केला नाही. लोकांना वाटतं, सासूनं विरोध केला असेल. त्या म्हणाल्या, "शिक की. मी कुटं नगं म्हनते? फकस्त सगळ्यांच्या आंगुळी उरकल्याबिगर पुस्तकाला हात लावायचा न्हाई. आदी पानी, मंग पुस्तक."

अट अगदी रास्त होती. अडचण एवढीच की आमच्या घरात आंघोळी उरकल्या असं कधी होतच नसे. शेवटचा माणूस अंग पुसत असताना दारात कुणी तरी नवा माणूस, तेव्हा एस. टी. नव्हती म्हणून चालत आलेला, पायातल्या वहाणा काढत असे. त्या मार्चात माझा अभ्यास इतका मागं राहिला की मी परीक्षेला बसलेच नाही. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता ही येक बारी बग. पुढल्या सालीबी न्हाई झालं तर सोडून दे बाई. संसार करायचा का बुकं उबवायची?" त्याही बोलण्यात राग नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

मास्तर यावर उपाय शोधू लागले. ते शास्त्राचे शिक्षक असल्यामुळं पाहुणे कमी करावेत हा उपाय त्यांना सुचला नाही. पाणी लवकर तापवावं हा सुचला.

भिंगारच्या कॅम्पात एका साहेबाला ते काही दिवस मराठी शिकवत असत. त्या बंगल्यात त्यांनी एकदा न्हाणीघर पाहिलं. नळ फिरवला की गरम पाणी. फुंकणी नाही, धूर नाही, बाई नाही. वर माळ्यावर टाकी, मागच्या बाजूला भट्टी, भट्टीतून वर जाणारा पाइप. गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि थंड पाणी आपोआप खाली येतं, हे त्यांनी घरी येऊन मला पाटीवर आकृती काढून समजावलं. "आपोआप" हा शब्द ते त्या दिवसांत फार वापरत. बंगल्याच्या मागच्या अंगणात शिडी लावून पखालवाला ती टाकी भरत असे, हे त्यांना दिसलं नाही. मध्ये भिंत होती.

इंग्रज जाणार हे नक्की झालं तसे कॅम्पातल्या बंगल्यांतल्या सामानाचे लिलाव सुरू झाले. नगरच्या लोकांनी काय काय आणलं सांगता सोय नाही. आमच्या गल्लीत एकानं साहेबाचं खेळायच्या काठ्यांचं बोचकं आणलं आणि पुढं बरीच वर्षं त्यातली एकेक काठी कुत्री हाकायला वापरली. मास्तरांनी टाकी आणली.

ती लोखंडी होती, जाड पत्र्याची, कडेला मोठमोठ्या रिबिटा ठोकलेली. उभी ठेवली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी. शेजारी लाकडाची वखार होती. वखारीचे मालक चाचा, मास्तरांचे मित्र, आपले हमाल घेऊन आले. दाराची चौकट काढावी लागली. माजघराच्या माळ्याला शिडीसाठी ठेवलेलं तोंड होतं, ते फळ्या उचकटून मोठं करावं लागलं. हमालांनी दोर लावून टाकी वर चढवली तेव्हा चाचा खाली उभे राहून म्हणाले, "मास्तर, साहेब गेला ते बरंच झालं. हे सामान बघून वाटतं, तो वजनानंच इथं टिकून हुता."

मास्तरांनी हिशेब केला होता. माजघराच्या मधून एक सागवानी तुळई जाते. तिच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, तो माळा. माळ्याच्या वर माळवद. दरवर्षी पावसाआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, अशी आपल्याकडची रीत. म्हणजे भिंतींच्या डोक्यावर आधीच सगळ्या पूर्वजांची माती. हे सगळं धरून मास्तर म्हणाले, रिकामी टाकी तुळई सहज पेलेल, अर्धी भरलेली कशीबशी पेलेल, पण पूर्ण भरायची तर माजघरात तुळईखाली टेकू पाहिजे. सुतारानं माप घेतलं. तो म्हणाला, "दसरा होऊ द्या, मग बाभळीचा सोट कापून उभा करतो." मास्तर म्हणाले, "ठीक आहे, तोवर टाकी रिकामी ठेवू."

हिशेबात काही चूक नव्हती. फक्त दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हे कुणी हिशेबात धरलं नव्हतं.

खंडेनवमीला ज्याची त्याची अवजारं पुजतात. आत्याबाईंनी विळी, कोयता, खुरपं, मास्तरांची कंपासपेटी आणि इंग्रजी कोश हे सगळं पाटावर मांडलं आणि वर माळ्याकडं बघून म्हणाल्या, "आन हे येवढं मोठं यंत्र घरात आलंय ते न्हाई व्हय पुजायचं?"

मास्तर म्हणाले, "पूज की. वाह फूल."

"रिकाम्या भांड्याला फूल वाहू?"

"मग काय झालं?"

"आरं, रिकामं भांडं पुजत न्हाईत. घरात रितेपन येतं. शाळेत येवढं बी शिकवलं न्हाई व्हय तुला?"

"तांब्याभर ओत."

"तांब्यानं टाकी भरत आस्ती का? काठोकाठ पायजे. कलश अर्दा ठिवतोस का कदी?"

मास्तर मुलांना वर्गात नियम शिकवत, पण आईला काही शिकवायची वेळ आली की त्यांचा आवाज जात असे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. गल्लीतल्या बायांना हे कळलं आणि सणाचा दिवस म्हणून त्या सगळ्या हंडे, घागरी, कळशा घेऊन आल्या. शिडीवर माणसं उभी राहिली, खालून वर घागर जाऊ लागली. सगळ्यांना फार मजा वाटत होती. भरता भरता दुपार झाली. टाकीच्या तोंडाशी पाणी आलं तसा वरून कुणी तरी "भरली, भरली!" म्हणून ओरडलं. आत्याबाईंना वर चढता येत नव्हतं. मी जाऊन हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. खाली आत्याबाईंनी नारळ फोडला.

नारळाचा आवाज झाला आणि त्याच्यामागून दुसरा आवाज झाला. तो वरून आला.

आधी खोबऱ्यावर माती पडली. मग सगळ्यांच्या डोक्यावर पडली. मग आम्ही वर पाहिलं. तुळई मधोमध वाकली होती, दोरीवर ओली चादर वाळत घातल्यावर दोरी वाकते तशी. माजघर एका क्षणात रिकामं झालं. एवढ्या बाया इतक्या कमी आवाजात बाहेर गेलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

"पाणी काढा," सगळे म्हणू लागले. पण काढणार कसं? पाइप अजून जोडले नव्हते. टाकीच्या बुडाशी भोक होतं, त्याला बूच मारलं होतं, आणि ते काढलं असतं तर सगळं पाणी माळ्यावर आणि तिथून कच्च्या विटांच्या भिंतीत गेलं असतं. वरून उपसायचं तर कुणी तरी त्या माळ्यावर जाऊन उभं राहायला हवं होतं. ज्यांनी ज्यांनी भरायला मदत केली होती ते सगळे आता दुसऱ्यानं चढावं अशा मताचे होते.

सुताराला बोलावलं. तो आला, वर पाहिलं आणि दारातच थांबला. मास्तर म्हणाले, "टेकू. आत्ताच्या आत्ता."

"मास्तर, हत्यारं पुजलीत."

"अहो, घर पडतंय."

"उद्या सोनं लुटून झालं की पहिलं काम तुमचं. आज करवतीला हात लावला तर माझा बाप घरात घ्यायचा न्हाई."

मास्तर वखारीत गेले. चाचा म्हणाले, "लाकूड पाहिजे तेवढं न्या. पण कापून मागू नका. करवत माझी असली तरी करवत्ये तुमच्यातले. सकाळीच फुलं वाहून बसलेत, मला मालकाला जवळ जाऊ देत न्हाईत."

असं झालं की सगळ्या नगरात त्या दिवशी लाकूड भरपूर होतं आणि ते तोडू शकेल असा हात एकही नव्हता. वखारीतला प्रत्येक सोट एक तर तुळईपेक्षा उंच होता, नाही तर आखूड. शेवटी एक आखूड सोट आणला. त्याच्या बुडाशी पाटा घातला. तरी चार बोटं फट राहिली. चौरंग घातला तर तो करकरला आणि मोडला. मास्तर इकडंतिकडं बघत देव्हाऱ्यापाशी गेले आणि पूजेत मांडलेला आपला जाडजूड इंग्रजी कोश उचलून आणला. तो मात्र नेमका बसला.

आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. "आरं ए, सरस्वतीला खांबाखाली घालतोस व्हय?"

"आई, तिनंच धरलंय घर."

चाचांनी सोट दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, आजवर लई कोश बघितले. कामाला आलेला हा पहिलाच."

दसरा आम्ही ओसरीवर केला. पाटा खांबाखाली असल्यामुळं सणाला वाटण नव्हतं. सोनं लुटून झाल्यावर सुतार कबूल केल्याप्रमाणं आला. त्यानं मापाचा एक टेकू देऊन पाटा आणि कोश मोकळे केले, मग मनाला खात्री वाटेना म्हणून दुसरा दिला. मग चाचा येऊन म्हणाले, "दोन दिलेत तर तिसरा माझ्याकडून, शेजार म्हणून." त्यानंतर माजघरात चालताना माणसाला झाडीतून चालल्यासारखं वाटे. आत्याबाई रोज सकाळी देवांबरोबर तिन्ही टेकूंनाही कुंकू लावू लागल्या. त्यातल्या त्यात भरवसा त्यांचा टेकूंवरच होता.

पुढं पाइप जोडले, न्हाणीमागं भट्टी बांधली आणि एक दिवस खरोखर नळ फिरवल्यावर गरम पाणी आलं. आत्याबाई धारेखाली हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. "साहेब लई सुकात हुता म्हनायचा," त्या म्हणाल्या. मास्तर माझ्याकडं बघून हसले. मी कोश धुळीतून झटकून घेतला आणि त्या सकाळी पुस्तक उघडून बसले.

दुसऱ्या सकाळी टाकीतलं पाणी संपलं.

नळाची करंगळीएवढी धार जमिनीपासून कंबरेपर्यंतही चढत नव्हती, मग माळ्यावर कुठली? बंबाला घागर नळापासून चार पावलं न्यावी लागे. टाकीला ती शिडीवर न्यावी लागली. गरम झालेलं पाणी आपोआप वर जातं हे खरं होतं. थंड पाणी घेऊन मी जात होते. टाकीची बातमी गावात पोचली आणि टाकी बघायला म्हणून माणसं येऊ लागली. टाकी बघायला आलेला माणूस तिच्या पाण्यानं आंघोळ केल्यावाचून परत कसा जाणार? कधीच न येणारेसुद्धा त्या हिवाळ्यात येऊन गेले.

मास्तरांना हे दिसत होतं. ते शाळेआधी स्वतः घागरी चढवू लागले. शर्टाच्या बाह्या वर, धोतर खोचलेलं. गल्लीनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "मास्तर पानक्या झाला आन त्याची बाईल बुकं वाचती, आसं लोकं बोलायला लागली." मग मीच त्यांच्या हातून घागर घेतली. दिवाळी गेली. पुस्तक ज्या पानावर उघडलं होतं त्याच पानावर होतं. मार्च तर जवळ येत होता. मास्तर पाटीवर काही तरी मांडत आणि पुसत. एका संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "अहो, यंदा राहू दे." त्यांनी पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली.

मग गावाहून आत्याबाईंचे एक चुलत दीर आले. बांधाचा दावा होता, तारीख दुसऱ्या दिवशीची. जेवून ते माजघरात टेकूला पाठ लावून आडवे झाले. थंडीच्या दिवसांत दुपारी ऊन माळवदावर आलं की लाकूड थोडं बोलतं. तुळई बोलली. त्यांच्या कानात माती पडली. ते उठून बसले.

"वैनी, वर काय हाय हो?"

आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "पान्याची टाकी. साहेबाची."

"भरल्याली?"

"काठोकाठ."

त्यांनी तिन्ही टेकूंकडं एकेक करून पाहिलं. "आन हे?"

"हे टेकू. तिला धरायला."

"म्हंजे हे नसलं तर?"

आत्याबाईंनी कधी खोटं सांगितलं नाही. "तर येईल की खाली," त्या म्हणाल्या.

ते पागोटं घेऊन निघाले ते धर्मशाळेत जाऊन राहिले. तारखेचा निकाल काय लागला मला ठाऊक नाही, पण गावात त्यांनी दाव्यापेक्षा टाकीचीच हकिगत जास्त सांगितली. "मास्तरानं डोक्यावर मरान टांगलंय," असं गावभर झालं. त्या आठवड्यात कुणीच आलं नाही. पुढच्या आठवड्यात एकजण आला, ओसरीवर पाण्याचा तांब्या घेतला आणि बसल्या जागेवरून माजघराकडं बघत बघत उठून गेला. आत्याबाईंनीही आपलं अंथरूण ओसरीवर नेलं. माजघरात कुणी पाऊल टाकेना.

ते रिकामं माजघर बघून मास्तरांच्या मनात काय आलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. एका संध्याकाळी आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मास्तरांनी न्हाणीतला नळ पूर्ण सोडला आणि टाकी रिकामी होईपर्यंत तिथं उभे राहिले. मला म्हणाले, "उद्यापासून बंब पेटव. आता माणसं तीनच आहेत."

मी म्हटलं, "मग टाकी उतरवायची?"

"टाकी राहू दे. टेकूही राहू देत. मार्चपर्यंत."

"लोक विचारतील, पाणी आहे का."

"विचारू देत. मी खोटं बोलणार नाही."

आणि ते बोलले नाहीत. कुणी दारातून विचारलं, "मास्तर, टाकी भरल्याली हाय व्हय अजून?" तर ते म्हणत, "टेकू बघा ना किती दिलेत." माणूस टेकू बघे आणि समजायचं ते समजे. मी नंतर त्यांना यावर छेडलं तर म्हणाले, "मी पुरावा दाखवला. निष्कर्ष त्यांनी काढला."

तसं माजघर मला मिळालं. सकाळी तीन माणसांच्या आंघोळी होत आणि त्या खरोखर उरकत. अट पाळली जाई. मग मी तीन टेकूंच्या मध्ये सतरंजी टाकून बसे. मला कुणी हाक मारत नसे, कारण हाक मारून मी आले नाही तर आत येऊन ओढायची कुणाची तयारी नव्हती. इतकी शांत जागा मला पुन्हा कुठं मिळाली नाही. मास्तर शाळेतून आले की मुलांच्या वह्या घेऊन माझ्याजवळच बसत. गल्लीला वाटे, मास्तर भारी धीराचे. ते मधूनमधून वर बघत. मी हळूच विचारलं, "रिकामी आहे ना?" तर म्हणाले, "रिकामी असली तरी लोखंड आहे."

संक्रांतीच्या सुमाराला आत्याबाई एकदा माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. बराच वेळ शिडीकडं बघत राहिल्या.

"टाकी कोन भरतं गं आताशा?"

मी पुस्तकातून वर पाहिलं.

"शिडीला जाळी धरल्याती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं, पुस्तकाकडं आणि तिन्ही टेकूंकडं एकदा बघितलं आणि परत ओसरीवर गेल्या. मला वाटलं, संपलं. आता त्या मास्तरांना बोलावणार, टाकी उतरणार आणि गाव परत येणार.

दुसऱ्या दिवशी गावचे पाटील आले, बायको आणि मेहुणा यांना घेऊन, मुक्कामाच्या बेतानं. पाटील आत पाय टाकणार तोच ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला, "आत नगा जाऊ बाबांनो. भरल्याली हाय. काल रात्रीपासनं लईच करकर करतीया."

पाटलांनी पाय मागं घेतला. चहा ओसरीवरच झाला. ते गेल्यावर आत्याबाईंनी मला हाक मारली. "बंबातलं कढत पानी आन माज्या गुडग्याला. आन मंग बस जा." मी पाणी आणलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "म्हैना होऊन गेला, येक मानूस पानी मागाया न्हाई. लई बरं वाटतंय बग."

इतकी वर्षं सगळ्या गावाला कढत पाणी देऊन त्या स्वतः कंटाळल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. नाही म्हणायला त्यांना काही निमित्त नव्हतं. आता ते माळ्यावर होतं.

मार्चात मी परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी आत्याबाईंनी पेढ्याऐवजी गूळ वाटला, कारण पेढे वाटले तर बातमी गावापर्यंत जाईल आणि माणसं अभिनंदनाला येतील, असं त्यांना वाटलं. पण गूळही पोचला. पावसाआधी टाकी उतरवली. चाचांनी आपला सोट नेला आणि म्हणाले, "रिकामी हुती ना हो मास्तर? मला पहिल्यापासून माहीत हुतं. माझ्या लाकडाला भार कळतो." हे खरं नसावं; उतरवायच्या दिवशी तेही अंगणाच्या पलीकडं उभे होते. टाकी परसात पडून राहिली. तिच्यात माती घालून आत्याबाईंनी अळू लावलं. पुढं मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, आणि गावची माणसं पुन्हा येऊ लागली तेव्हा त्यांना आपापलं पाणी तापवून घ्यायला सांगायचं धाडस घरात कुणी तरी केलं. ते मी केलं नाही. मास्तरांनीही नाही.

आत्याबाई गेल्या. टाकीचा पत्रा सडला तेव्हा तीही गेली. मास्तरांनी शेवटच्या आजारात माजघरातच खाट टाकून घेतली होती. डॉक्टर आले की आधी तुळईकडं बघत आणि मास्तर त्यांना म्हणत, "बसा, बसा, आता काही नाही वर." गेले त्या दिवशीही खाट तिथंच होती.

तुळई सरळ झाली नाही. मधोमध खाली आलेली आहे. तिच्याखाली टेबल आहे आणि मी तिथं बसते.